पापणीच्या कडेचं तेल

मी रडत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं, मागाहून गैरसमज नकोत. माझे डोळे वाहतात. नळ गळतो म्हणून कुणी नळाची समजूत घालायला जात नाही, माझी मात्र घालतात. वाऱ्याची झुळूक आली की डोळे वाहतात, इस्त्रीची वाफ आली की वाहतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी चिडले की वाहतात. माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. दोन मोठी यंत्रं, एक इस्त्रीचं टेबल आणि दिवसभर तऱ्हेतऱ्हेची माणसं. कुणी कोटाच्या खिशात पेन विसरून देतं आणि वर मलाच विचारतं, हा डाग कसला? मग माझं डोकं फिरतं. मी तोंड सोडते. पण दोन वाक्यं होतात न होतात तोच गालांवरून धारा लागतात, आणि समोरचा एकदम मऊ होऊन म्हणतो, "अहो, राहू द्या, एवढं मनाला लावून घेऊ नका." अरे बाबा, मी तुला झापतेय! एवढ्या वर्षांत मला एकदाही धड भांडता आलेलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "तुमचे डोळे कोरडे आहेत." मी म्हटलं, "डॉक्टर, रुमाल पिळून दाखवू का?" ते हसले आणि कसलेसे थेंब लिहून देऊन मोकळे झाले. खरं काय ते मला घरी ठमीने समजावलं.

ठमी म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेव्हणे एका अपघातात गेले तेव्हा ठमीला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. कुणीतरी म्हणालं, काही दिवस हिला मावशीकडे ठेवू. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. मी लग्न केलं नाही. तिच्यामुळे नाही हं, उगाच कुणी हळहळू नका. मला कुणी पसंत पडलं नाही एवढंच. ठमी शिकत गेली, शिकतच गेली, आणि आता नावाच्या आधी डॉक्टर लावते. औषधं देणारी डॉक्टर नव्हे, प्रयोग करणारी. लॅबमध्ये तिच्या हाताखाली माणसं आहेत. घरात मात्र ती ठमीच, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला की अजूनही बोलणी खाते.

तिचं काम काय, तर परातीतल्या पाण्यावरची साय बघायची. मी साय आणि परात म्हटलेलं तिला खपत नाही. पण तेलाचा बारीकसा थेंब पाण्यावर सोडला की तो पसरत जातो, आणि शेवटी इतका पातळ होतो की त्याहून पातळ होऊच शकत नाही. एकेक कण शेजारी शेजारी उभा, त्याच्या डोक्यावर दुसरा नाही. आता याला साय नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? ही साय पाण्यावरून कशी वाहते, अरुंद जागेतून पुढे सरकते की अडते, फाटली तर आपली आपण सांधते की तशीच राहते, हे ठमी बघते. वर्षानुवर्षं बघते. मी एकदा न राहवून विचारलं, "आणि याचा उपयोग?"

"मावशी, तुझ्या डोळ्यातही तेच आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. पापणीच्या कडेला अगदी बारीक भोकं असतात. त्यांतून तेल येतं आणि डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं. पापणी उघडली की त्या तेलाने सरसर वर जाऊन सगळा डोळा झाकायचा, म्हणजे खालचं पाणी उडून जात नाही. माझं तेल घट्ट. ते पसरायचं नाव घेत नाही. जागोजागी फटी राहतात, पाणी सुकतं, डोळा चुरचुरतो, आणि मग डोळा घाबरून जे काही असेल नसेल ते पाणी सोडून देतो. म्हणजे कोरडा म्हणून ओला! ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी हळवी बाई नाही, माझं तेल घट्ट आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी हे ऐकवलं.

ठमीचा अजून एक गुण सांगायला हवा. गुण कसला, खोडच. मोजून जे आलं ते आलं, त्यात ती केसभर इकडचं तिकडे करत नाही. एकदा लॅबमध्ये हात धुवायचा साबण कुणीतरी बदलला आणि ते हिच्या खूप उशिरा लक्षात आलं. साबणाचा अंश पाण्यात गेला असणार म्हणून हिने कित्येक महिन्यांचं काम केराच्या टोपलीत टाकलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, "अगं, थोडं चालवून घ्यावं." तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी गिऱ्हाइकाचा शर्टच पळवलाय.

तर ही ठमी एका भर दुपारी दुकानात येऊन उभी राहिली. एरवी दुपारी तिला जेवायचंही भान नसतं. मी चादरींच्या घड्या घालत होते. तिने चादरीची दुसरी दोन टोकं धरली आणि म्हणाली, "मावशी, मला बोलावणं आलंय."

"कुणाचं?"

समुद्रापलीकडच्या एका मोठ्या लॅबचं. डोळ्यातल्या त्याच सायीवर काम, पण स्वतःच्या हिमतीवर, स्वतःची माणसं, स्वतःची खोली. तिला हवं होतं तेच सगळं. जायचं ते किमान पाच वर्षांसाठी. आणि सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. हे सगळं तिने चादरीकडे बघून सांगितलं.

मला काय वाटलं ते खरं सांगते. वाटलं, आता ओल्या टॉवेलवरून बोलायचं कुणाला? आणि त्याच क्षणी असंही वाटलं की दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यावरच्या सगळ्यांना ओरडून सांगावं, बघा, आमच्या ठमीला बोलावणं आलंय! माझ्या बहिणीला केवढा आनंद झाला असता. ही पोरगी इथे माझ्याजवळ बसून राहिली आणि पुढे कधीतरी मनात म्हणाली, मावशीमुळे गेले नाही, तर मी ते कुठे ठेवू? तिने जायलाच हवं होतं. माझ्या मनात शंका म्हणून नव्हती.

"मग जा की," मी म्हटलं. "विचारतेस काय?"

आणि डोळे वाहायला लागले.

ठमीने चादर खाली ठेवली. "नाही जात मी."

"अगं, हे माझं नेहमीचं! वाफ आहे इथे."

"इस्त्री बंद आहे, मावशी."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच खेळ सुरू झाला. मी म्हणायची, जा. माझे डोळे वाहायचे. ती म्हणायची, नाही जात. मी हरतऱ्हेने बघितलं. ओट्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ फिरवून म्हटलं, तर ती म्हणाली, "तुझे खांदे हलतायत." कांदा चिरताना घालायचा मोठा चष्मा लावून जेवायला बसले आणि अगदी सहज म्हटलं, "काय मग, सामानाची तयारी कधी?" तर चष्म्यात आतून पाणी साठलं आणि मला ताटातलं काही दिसेना. ठमी हसून हसून लोळली, आणि मग एकदम हसायची थांबली. शेवटी मी दुकानातून फोन केला. फोनवर डोळे कुठे दिसतात? पण डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी म्हटलं, "जा," आणि ते "ज्झा" असं काहीतरी झालं.

"घरी आल्यावर बोलू," ठमी म्हणाली.

घरी आल्यावर मी खरोखरच चिडले. म्हटलं, "तू एवढी शिकलेली, तूच मला सांगितलंस की हा आजार आहे, आणि आता तूच तो रडू समजतेस? पापणीच्या कडेचं तेल घट्ट, म्हणून डोळा वाहतो. तुझेच शब्द आहेत."

"माहिती आहे गं. पण मग आत्ताच एवढं का वाहतंय?"

"मला काय ठाऊक! तुला मोजल्याशिवाय काही पटत नाही ना? मग मोज. काढ माझं तेल, घाल तुझ्या परातीत आणि बघ. घट्ट निघालं तर गपगुमान जायचं. कबूल?"

"आणि घट्ट नाही निघालं तर?"

"निघतंय कसं नाही! आणि नाही निघालं तर बस इथेच माझ्या उरावर."

"कबूल," ठमी म्हणाली. आणि आकड्याच्या बाबतीत ती शब्द फिरवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मी पैज मारली होती.

शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून मी तिच्या लॅबमध्ये गेले. इतक्या वर्षांत मी आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दारातच चिकट पायपुसणं, त्यावर उभं राहिलं की बुटांची धूळ तिथेच राहते. मग बुटांवर निळ्या पिशव्या, डोक्यावर टोपी. आणि हात धुवायचे. धुतले. म्हणे पुन्हा धुवा. मी साबण शोधायला लागले तर ठमी ओरडली, "साबण नको!"

"साबणाशिवाय धुवायचं? माझा धंदा बुडवशील."

"तुझ्या हातांत मुरलेला साबणच तर काढायचाय. आणि परातीच्या जवळ कशालाही हात लावू नकोस." तिनेही परात म्हटलं, हे मी ऐकलं.

खोली लहानशी, खिडकी बंद, आवाज नाही. मधल्या जड टेबलावर काचेचं खोकं, आणि खोक्यात ती परात. पांढरी, लांबट, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढी, आणि उथळ. आत डोळ्यातल्या पाण्यासारखं खारं पाणी, अंगाइतकं कोमट. दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या, त्या हळूहळू सरकतात आणि पाण्यावरच्या सायीला मधल्या एका अरुंद वाटेत ढकलतात. वर कॅमेरा, बाजूला पडदा. तिथे ठमीचा एक सहकारी होता, इतका उंच की दारातून वाकून यायचा. सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याने मला नमस्कार केला तो भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, काय हा उद्धटपणा! मग कळलं की तिथली रीतच ती आहे. पाण्याकडे तोंड करून कुणी बोलायचं नाही. थुंकीचा एवढासा कण उडाला तरी सगळं मुसळ केरात. त्यामुळे तिथली माणसं एकमेकांशी बोलताना वेगवेगळ्या भिंतींकडे बघतात. आणि ठमी घरी जेवताना खिडकीशी का बोलते, हेही मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्यावरून तिला टाकून बोलत होते.

"आधी मी तुम्हाला दोन नमुने दाखवतो," लंबू कपाटाला म्हणाला. "एक वाईट, एक चांगला. म्हणजे तुमचं कशासारखं आहे ते तुम्हालाच कळेल."

वाईट तेल कुणा दुसऱ्या आजारी माणसाचं होतं. ठमीने सुईच्या टोकाएवढे थेंब पाण्यावर ठेवले. ठेवले असंच म्हणायला हवं, पाण्याला कळलंसुद्धा नाही. काही दिसलं नाही. मग तिने चिमटीतून अगदी बारीक पांढरी भुकटी भुरभुरवली, म्हणजे साय कुठे चाललीय ते भुकटीवरून दिसतं. पट्ट्या सरकायला लागल्या. पडद्यावर ती भुकटी अरुंद वाटेच्या तोंडाशी आली आणि तिथेच तटून बसली. पट्ट्या ढकलतायत, ही हलत नाही. मग एकदम सगळीच्या सगळी, फळी सरकावी तशी, जराशी पुढे गेली आणि पुन्हा अडली. ठमीने सुईने तिला एक भोक पाडलं. ते भोक तसंच राहिलं. आम्ही बघत बसलो तरी तसंच.

"अशा डोळ्याला रोज किती त्रास होत असेल," ठमी भिंतीला म्हणाली.

चांगलं तेल खुद्द लंबूचं होतं. ते मात्र बघण्यासारखं होतं. पट्ट्या सरकल्याबरोबर भुकटी वाहायला लागली. मधली भरभर पुढे, कडेची काठाला रेंगाळत, आणि वाटेतून सगळी जिभेसारखी लांब होत बाहेर आली. सुईने भोक पाडलं तर मी अरे म्हणेपर्यंत बुजलं. ठमीचा चेहरा मी बघितला. ही पोरगी लहानपणी साबणाचे फुगे बघताना दिसायची, तशीच दिसत होती. तिला तिकडे जायलाच हवं, असं मला परत एकदा वाटलं, आणि डोळे वाहायला लागले. मी पटकन मागे सरले, परातीत पडायला नको म्हणून.

मग माझी पाळी. एका खुर्चीवर मान मागे टाकून बसवलं आणि ठमी माझ्यावर ओणवी झाली. पापणीची कड हलकेच दाबायची आणि वर येईल ते तेल एका चिमुकल्या सपाट सळईवर घ्यायचं. तिचा हात अजिबात हलत नव्हता. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या इतका जवळ, तिच्या लहानपणी ताप बघायला मी कपाळाला कपाळ लावायची तेवढा. श्वास रोखून धरला होता बयेने.

"शेक घेतेस ना?" तिने विचारलं.

"घेते की. सकाळ-संध्याकाळ, गरम ओल्या फडक्याचा. तूच दटावलंस ना मागे. फडक्याला आणि वाफेला माझ्याकडे काय तोटा?"

"एकही दिवस चुकवला नाहीस?"

"तू सांगितलेलं मी कधी चुकवते का?"

"हं," ठमी म्हणाली आणि दुसऱ्या पापणीकडे वळली. मला वाटलं, कौतुक करतेय.

परातीतलं जुनं सगळं काढून, पुसून, धुऊन, नवं पाणी भरण्यात बराच वेळ गेला. मग तिने माझ्या तेलाचे थेंब पाण्यावर ठेवले. ज्या द्रवात ते विरघळवलं होतं तो उडून जाईपर्यंत थांबायचं होतं. आम्ही तिघं तीन भिंतींकडे तोंड करून गप्प उभे. मी मनातल्या मनात त्या तेलाला विनवत होते. घट्ट हो बाई. अड. वाटेच्या तोंडाशी जाऊन अशी तटून बस की ठमीला बोलायला जागा राहायला नको. एवढी वर्षं छळलंस, आता एक दिवस कामाला ये.

ठमीने भुकटी भुरभुरवली. पट्ट्या सरकल्या.

ती वाहायला लागली.

मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. मधली भरभर पुढे, कडेची काठाला रेंगाळत. वाटेतून सरळ, सुरेख, न अडखळता बाहेर आली. ठमीने सुई टेकवली. भोक पडलं आणि बुजलं.

त्या शेकाने काम केलं होतं. दिवसातून दोनदा, न चुकता, तिने सांगितलं म्हणून मी डोळ्यांवर फडकं धरत होते, आणि तेल बरं होऊन बसलं होतं. आजार उरलाच नव्हता. म्हणजे दुकानातली ती चादर, तो कांद्याचा चष्मा, फोनवरचं ते चोंदलेलं नाक, हे सगळं काय होतं? मी रडत होते. दिवसचे दिवस ढसाढसा रडत होते, आणि मला स्वतःलाच पत्ता नव्हता! लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. कारण पैज मीच मारली होती आणि ठमीने ती कबूल केली होती. आता ती वळणार, आकडा सांगणार आणि इथेच राहणार. माझ्या रडण्यापायी तिचं सगळं राहणार.

लंबू पडद्याकडे वाकला आणि खूश होऊन कपाटाला म्हणाला, "अरे वा! मावशी, हे तर माझ्याहून छान—"

"लंबू," ठमी म्हणाली. "बाहेर जाऊन चहा पी."

"मला आत्ता नको—"

"पी."

तिचा आवाज ऐकून तो बिचारा वाकून दारातून निघून गेला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. ठमी माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिथली रीतच ती, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पडद्यावर माझं तेल अजून वाहतच होतं.

"घट्ट आहे," ठमी म्हणाली.

मला आधी कळेनाच ती कशाबद्दल बोलतेय.

"दगड आहे नुसता," ती खिडकीला म्हणाली. "त्या पहिल्या नमुन्यापेक्षाही वाईट. मावशी, ते रडणं नव्हतंच. तू म्हणत होतीस तेच बरोबर. आजारच आहे."

ज्या पोरीने साबणाच्या एका अंशासाठी महिनोन्महिन्यांचं काम फेकून दिलं, ती माझ्यासमोर उभी राहून, पडद्यावर ढळढळीत वाहणाऱ्या तेलाला दगड म्हणत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, अगं, मला दिसतंय. पण मी ते गिळलं. ती खरं बोलली असती तर तिला राहावं लागलं असतं, आणि मला तिला ठेवून घ्यावं लागलं असतं. मी खरं बोलले असते तरी तेच. तिला जायचं होतं, मला तिला पाठवायचं होतं, आणि दोघींनाही त्यासाठी एवढंच एक खोटं बोलायला हवं होतं. तिने माझ्या आधी बोलून टाकलं.

"मी तेच सांगत होते," मी दरवाज्याकडे बघत म्हटलं. "कुणी ऐकेल तर ना."

"चुकलंच माझं."

"चुकलंच. एवढं शिकून काय उपयोग?"

"शेक चालू ठेव."

"ठेवते."

"कंटाळा करायचा नाही. मी तिकडून रोज विचारीन."

"विचार की. फोनचे पैसे तुझे."

ती हसली, म्हणजे हसल्यासारखा आवाज आला. "मग कळवू त्यांना?"

"आत्ता कळव. माझ्यासमोर. नंतर म्हणशील विसरले."

तिने खिशातून फोन काढला. मला तिची पाठच दिसत होती. टोपीतून सुटलेले केस, वाकलेली मान. दोन ओळी लिहायला तिला इतका वेळ लागला की मला वाटलं, मन बदललं की काय. मग फोनने एक बारीकसा आवाज केला आणि तिने तो खिशात ठेवला.

"गेलं," ती म्हणाली.

मी पुढे झाले. तिचा दंड धरून तिला परातीपासून लांब, दाराशी ओढलं, आणि लहानपणी तोंड धुवायला वळवायची तशी हनुवटीला धरून माझ्याकडे वळवली. ती गालांपासून गळ्यापर्यंत भिजली होती, नाक लाल झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. काय झालं, असं मी तिला विचारलं नाही. दर वर्षी तिचे डोळे मीच नेऊन तपासून आणत आलेय. त्यांना काहीही झालेलं नाही.